जॅकेटची ऊब कापडात नसते: घरी धुताना काय सांभाळायचं

डिसेंबर लागला की सकाळच्या शाळेत निम्मी मुलं फुगीर जॅकेट घालून येतात. पूर्वी ह्याच वर्गात घरी विणलेले स्वेटर दिसायचे, नाहीतर थंडीत शहरात येणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडून घेतलेले. आता पॉलिएस्टर भरलेलं जॅकेट सगळीकडे मिळतं, वजनाला हलकं असतं आणि दुचाकीवर वारा अडवतं, म्हणून लोकांनी ते उचललं. त्यात चूक काही नाही. पण पहिल्या वर्षी गुबगुबीत असलेलं जॅकेट दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात पापडासारखं चपटं झालेलं दिसतं. फाटलेलं नसतं, रंग उडालेला नसतो, तरी मूल वर्गात हात काखेत घालून बसलेलं असतं. घरचे म्हणतात, "जॅकेट घातलंय ना, मग थंडी कशी वाजते?"

वाजते, कारण ऊब कापडात नसतेच. ती आतल्या भरणात अडकलेल्या हवेत असते.

हे आपल्या लोकांना वेगळं समजावून सांगायला नको. रजई बसली, कापसाचे गोळे झाले की दादी पिंजाऱ्याला बोलवायची. आपल्याकडची मन्सुरी-पिंजारी बिरादरी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आली. पिंजारी नवा कापूस फारसा घालत नाही. तो जुनाच कापूस मोकळा करतो, म्हणजे त्याच्या तंतूंमध्ये पुन्हा हवा भरतो. तीच रजई, तेवढंच वजन, पण रात्री फरक कळतो. जॅकेटमध्येही हेच चालतं. आत पॉलिएस्टरच्या अतिशय बारीक तंतूंची चादर शिवलेली असते. तंतूंच्या जाळ्यात हवा स्थिर राहते, आणि स्थिर हवेतून अंगाची उष्णता फार हळू बाहेर जाते. फरक इतकाच की जॅकेट पिंजून देणारा कुणी नाही. एकदा ते भरण दाबून बसलं की बसलंच. म्हणून धुणं, वाळवणं, ठेवणं, सगळीकडे एकच गोष्ट पाहायची: आतली हवा टिकते का?

आधी आतल्या शिवणीवरची चिठ्ठी वाचा. भरण पॉलिएस्टर आहे की ‘डाऊन’, म्हणजे बदकाची किंवा हंसाची मऊ पिसं, हे तिथे लिहिलेलं असतं. पिसांचं जॅकेट धुण्याची पद्धत वेगळी आहे, ते इथे धरलेलं नाही. आपल्या बाजारातली बहुतेक जॅकेटं पॉलिएस्टरचीच असतात, आणि धुण्याच्या बाबतीत ते आपल्या फायद्याचं आहे. पिसं ओली झाली की गोळा होतात आणि ऊब जाते, पॉलिएस्टर ओलं झालं तरी बरंच तग धरतं. अमेरिकन लष्कराला 1980 च्या दशकात ओल्यातही ऊब देणारं भरण हवं होतं, त्या गरजेतूनच ‘प्रायमालॉफ्ट’ हे आज नावाजलेलं कृत्रिम भरण तयार झालं. कापूस हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या साधारण 8 टक्के धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणजे घरी धुतलं तर ते सुकेल की नाही ही भीती नको. ड्रायक्लीनचा खर्चही बहुतेक वेळा नको.

चिठ्ठीवर चित्रंही असतात. पाण्याच्या टबात 30 लिहिलं असेल तर पाणी 30 अंश सेल्सिअसच्या वर नको. टबात हात दाखवला असेल तर हातानेच धुवा. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको, इस्त्रीवर फुली म्हणजे इस्त्री नको. चौकोनात गोल हे गरम हवेच्या ड्रायरचं चिन्ह आहे. इथे अनेकांचा गोंधळ होतो. सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधल्या ज्या छोट्या टबाला आपण घरात ड्रायर म्हणतो, तो गरम हवा देत नाही, नुसता फिरवून पाणी काढतो. त्या चिन्हाशी त्याचा संबंध नाही.

जॅकेट किती वेळा धुवायचं? रोज शाळेत जाणाऱ्या मुलाचं असेल तरी एका हिवाळ्यात दोनदा पुरे. मळतं ते गळ्याशी आणि मनगटाशी. तेवढाच भाग भांडी धुण्याच्या लिक्विडचा एक थेंब ओल्या बोटाने चोळून दहा मिनिटांनी पुसून काढला तर पूर्ण जॅकेट पाण्यात घालावं लागत नाही. केसांचं खोबरेल तेल कॉलरला लागतं तेव्हा हाच उपाय. अत्तरही तेलच असतं, ते जॅकेटवर लावू नका, आतल्या शर्टाला लावा. पॉलिएस्टर पाणी धरत नाही, पण तेल घट्ट धरतं. आणखी एक: फजरला घाईघाईत जॅकेट न काढता वुजू केली की बाह्या कोपरापर्यंत ओढल्या जातात, कफचं इलॅस्टिक सैल पडतं आणि अस्तर ओलं राहतं. मग त्याच ओल्या बाह्यांनी गाडीवर बसायचं. अर्धा मिनिट जास्त लागेल, पण जॅकेट काढून ठेवा.

पूर्ण धुवायचं असेल तेव्हा खिसे रिकामे करा, टोपी निघत असेल तर काढा, सगळ्या चेन लावा आणि जॅकेट उलटं करा. मोठ्या टबात कोमट पाणी घ्या. कोमट म्हणजे हात घातला तर गरम वाटू नये इतकं. त्यात लिक्विड डिटर्जंट अर्धं झाकण, जास्त नाही. पावडर वापरायचीच असेल तर आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, नाहीतर काळ्या जॅकेटवर पांढरे चट्टे राहतात, आणि बोअरच्या जड पाण्यात तर हमखास. साबणाची वडी कापडावर घासू नका, ब्रश मारू नका. बाहेरच्या कापडावर पाणी न ठरू देणारा पातळ थर दिलेला असतो, तो घासल्याने जातो. पंधरा-वीस मिनिटं बुडवून हाताने हळूहळू दाबत राहा, कणीक तिंबतो तसं, पण त्याहून हलक्या हाताने. रात्रभर भिजत घालण्यात काही फायदा नाही.

फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. सुवास येतो म्हणून बायका तो प्रत्येक कपड्याला घालतात, पण तो तंतूंवर बसतो, तंतू एकमेकांना चिकटायला लागतात आणि कापडाचा पाणी अडवण्याचा गुणही कमी होतो. ब्लीचने नायलॉन आणि इलॅस्टिक खराब होतं.

आता खळबळणं. इथे कंजुषी नको. तीन पाणी, लागलं तर चौथं, दाबल्यावर फेस येणं थांबेपर्यंत. आत राहिलेला साबण पुढे धूळ आणि ओलावा धरतो.

आणि पिळायचं नाही. खरं तर सगळ्या लेखातून एकच वाक्य लक्षात ठेवायचं तर हे ठेवा. दोघांनी दोन टोकं धरून चादर पिळतात तसं जॅकेट पिळलं की आतली चादर शिवणीपासून सुटते, एका बाजूला गोळा होते, आणि पाठीवर नुसतं कापड राहतं. बाहेरून ते दिसत नाही, गाडीवर बसल्यावर कळतं. धोपटण्याने आपटणं तर विसराच. टबाच्या कडेशी दाबून पाणी काढा, मग जाड टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबा.

मशीनमध्ये धुवायचं तर पुढून दार उघडणारं मशीन बरं, त्यात हलक्या धुलाईचा पर्याय निवडा आणि जॅकेट एकटं घाला. बाहेरचं कापड पाणी आत-बाहेर जाऊ न देणारं असेल तर मात्र ते फिरवून पाणी काढणाऱ्या टबात घालू नका. आत पाणी अडकून एका बाजूला वजन येतं, मशीन जोरात हादरतं आणि बिघडू शकतं.

वाळवताना ओलं, जड जॅकेट खांद्यांना लटकवलं तर भरण खाली उतरतं. आधी खाटेवर किंवा स्टँडच्या तीन-चार दांड्यांवर आडवं पसरा, निथळू द्या, बरंचसं हलकं झालं की रुंद हँगरला लावा. सावली आणि वारा हवा. कडक उन्हात नायलॉन हळूहळू कमकुवत होतं. मधे दोन-तीनदा उचलून झटका आणि दोन्ही तळव्यांमध्ये धरून हलकेच थोपटा, गोळे मोकळे होतात. आपल्या कोरड्या हिवाळ्यात एक-दीड दिवस लागतो. बोटाने चिमटीत धरून शिवणीजवळ गार लागत असेल तर ते अजून ओलं आहे.

सुकलं नाही म्हणून इस्त्री फिरवणारे, हीटरसमोर धरणारे खूप आहेत. पॉलिएस्टर वितळतं 250 अंशांच्या पुढे, पण 70-80 अंशांच्या आसपासच तंतू मऊ पडतो आणि दाबाल त्या आकारात गार होऊन तसाच बसतो. इस्त्री तर त्याहून कितीतरी गरम असते. एका हातात जॅकेट कायमचं सपाट. लाँड्रीत दिलंत तर इस्त्री नको म्हणून आवर्जून सांगा. शेकोटीची ठिणगीही अशीच, लगेच भोक पडतं. भोकावर त्याच रंगाच्या कापडाचा तुकडा सुईदोऱ्याने लावा, गरम चिकटपट्टी नको.

थंडी संपल्यावर न धुता ठेवू नका. घामाचे, खाण्याचे डाग पावसाळ्यात पक्के होतात, वास धरतो. ट्रंकेत रजयांच्या खाली दाबून किंवा हवा काढलेल्या पिशवीत ठेवलं तर सहा-आठ महिने ते दबलेलं राहतं, आणि मग आपणच म्हणतो की माल हलका निघाला. कपाटात लटकवा, नाहीतर जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात सैल ठेवा. डांबराच्या गोळ्यांची गरज नाही. कसर लोकरीला लागते, पॉलिएस्टर ती खात नाही. घरात लहान मूल असेल तर त्या विषारी गोळ्या नसलेल्याच बऱ्या.

मोठ्याचं जॅकेट धाकट्याला देण्याआधी एक तपासणी करा. पाठीचा भाग मुठीत घट्ट धरून सोडा. लगेच फुगून वर आला तर अजून दोन हिवाळे निघतील. चपटाच राहिला तर फेकू नका, पण त्याच्या भरवशावर मुलाला सकाळी गाडीवर बसवूही नका. वारा ते अजूनही अडवतं. आत लोकरीचा स्वेटर घाला आणि वरून हे.