आरोग्य आणि आपली स्वतःविषयींची कल्पना

शरीर सुदृढ असावें असें कोणास वाटत नाहीं? सुटी संपून शाळा उघडली कीं, पुष्कळ विद्यार्थी पहांटे उठण्याचा व जोर-बैठका काढण्याचा संकल्प करतात. पहिला आठवडा मोठ्या उत्साहांत जातो. दुसऱ्या आठवड्यांत पाऊस किंवा पाहुणे आडवे येतात. तिसऱ्या आठवड्यांत संकल्पाचें नांवहि कोणी काढीत नाहीं. कवाइतीची गोष्टहि अशीच. घंटा होते तोंवर मुलें कवाइत करतात. शाळा सुटली कीं अनेकांचा व्यायामहि कायमचा सुटतो. असें कां व्हावें, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

याचें कारण केवळ आळस नव्हे. प्रत्येकाच्या मनांत आपलें स्वतःचें एक चित्र असतें. "मी मूळचाच अशक्त", "मी पुस्तकांतला किडा", "खेळणें हें मुलींचें काम नव्हे" अशीं हीं चित्रें घरच्यांच्या व सोबत्यांच्या बोलण्यांतून लहानपणींच रेखाटलीं जातात. असा विद्यार्थी व्यायाम करूं लागला तरी परक्या घरीं उतरलेल्या पाहुण्यासारखा असतो. चार दिवस राहून परत जाण्याची त्याची तयारी असतेच. "मला व्यायाम केला पाहिजे" असें म्हणणाऱ्यास व्यायाम हें ओझें वाटतें. "मी नित्य व्यायाम करणारा आहें" असें ज्यास वाटूं लागलें, त्याचा तो स्वभाव होतो. पाऊस आला तर पहिला विचारतो, "आज जावें कीं नाहीं?" दुसरा विचारतो, "आज घरांतल्या घरांत काय करावें?"

मग हें चित्र बदलावें कसें? आरशापुढें उभें राहून "मी बलवान आहें" असें घोकल्यानें तें बदलत नाहीं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनीं १९७२ सालीं सविस्तर मांडलेला एक सिद्धांत येथें उपयोगी पडतो. मनुष्य स्वतःविषयींचें मत पुष्कळ वेळां स्वतःचीच कृति पाहून बनवितो, असें त्यांचें म्हणणें. शेजारी रोज सकाळीं फिरावयास जातांना दिसला, तर त्यास फिरण्याची आवड आहे असें आपण मानतों. तसेंच आपण स्वतःकडेहि पाहत असतों. म्हणून लहानशी कां होईना, पण रोजची कृति हाच तें चित्र बदलणारा कुंचला होय.

यास धीर मात्र हवा. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजांतील संशोधकांनीं ९६ जणांस प्रत्येकीं एक नवी संवय लावून घेण्यास सांगितलें. २०१० सालीं छापलेल्या निष्कर्षाप्रमाणें कृति अंगवळणीं पडण्यास मध्यम मानानें ६६ दिवस लागतात; कोणास १८ पुरतात, तर कोणास २५४ लागतील असा अंदाज निघाला. म्हणजे तिसऱ्या आठवड्यांत निराश होणारा बहुधा अर्ध्या वाटेवरहि पोहोंचलेला नसतो. एखादा दिवस चुकल्यानें फारशी हानि होत नाहीं, असेंहि त्यांस आढळलें. चुकलेल्या दिवसाचें दुःख करीत न बसतां दुसऱ्या दिवशीं उठावें, हें बरें.

थिओडोर रूझवेल्ट (१८५८–१९१९) हे लहानपणीं दम्यानें बेजार असत. बुद्धि आहे, पण शरीर तूं स्वतः घडविलें पाहिजेस, असें वडिलांनीं त्यांस बजाविलें. दमा एका दिवसांत हटला नाहीं; परंतु घरच्या व्यायामशाळेंत नेटानें मेहनत करून "आजारी मुलगा" हें चित्र त्यांनीं पुसून टाकिलें. १९०१ सालीं ४२ व्या वर्षीं ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले, तेव्हांहि मुष्टियुद्धाचा सराव त्यांनीं सोडला नाहीं.

आपल्याकडे औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं आरंभीं सँडोच्या पद्धतीनें व पुढें सूर्यनमस्कारांनीं शरीर कमाविलें. १९३८ सालीं, म्हणजे सत्तरीच्या घरांत, त्यांचें या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. आमचा उपासनामार्ग निराळा असला तरी त्यांच्या या नेमाविषयीं आम्हांस आदर वाटतो.

येथें एक सावधगिरी ठेविली पाहिजे. मनांतील चित्र पिळदार दंडांचें नसावें, आचरणाचें असावें. चित्रपटांतील नटासारखी देहयष्टि सर्वांस लाभत नाहीं; नेम मात्र सर्वांस पाळतां येतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं ५ ते १७ वर्षांच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटें अंगमेहनत सांगितली आहे. आरंभ दहा मिनिटांनीं केला तरी चालेल. प्रकृतींत व्यंग असल्यास वैद्याचा सल्ला घ्यावा, व आपल्यास झेपेल तेंच करावें.

पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहितांना शरीरास मंदिराची उपमा दिली. मंदिर केवळ सणापुरतें झाडून भागत नाहीं. तें रोज झाडावें लागतें. यंदा शाळा सोडून जाणाऱ्या मुलामुलींस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, घंटा वाजविणारा शिपाई तुमच्याबरोबर येणार नाहीं. ती घंटा यापुढें तुमच्या अंतःकरणांत वाजली पाहिजे.