रक्त तेच, माती निराळी

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय उपखंडातून अनेक कुटुंबे इंग्लंडमध्ये स्थायिक झाली. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार त्यांच्यात क्वचितच आढळे. मात्र तेथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलांमध्ये त्याचे प्रमाण स्थानिक लोकांच्या जवळपास पोहोचले, असे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. रक्त तेच होते. बालपणाची माती तेवढी बदलली होती.

या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या मायलिन नावाच्या आवरणावरच हल्ला करते. एका डोळ्याची दृष्टी अंधुक होणे, हातपाय बधिर होणे, तोल जाणे ही त्याची लक्षणे होत. तो बहुधा विशी ते चाळिशीत, म्हणजे ऐन उमेदीच्या काळात सुरू होतो आणि स्त्रियांमध्ये अधिक आढळतो.

आनुवंशिकतेचा वाटा आहेच. तथापि एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार असता दुसऱ्याला तो होण्याची शक्यता सुमारे चारात एक इतकीच असते. अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या २०२२ मधील अभ्यासात एपस्टीन-बार विषाणूच्या संसर्गानंतर धोका ३२ पट वाढल्याचे आढळले. परंतु हा विषाणू बहुतेक सर्वांनाच कधी ना कधी गाठतो, आजार मात्र थोड्यांनाच होतो. म्हणून राहणीमानाकडे पाहावे लागते.

धूम्रपानाने धोका सुमारे दीडपट होतो. दुसऱ्याने सोडलेला धूरही निरुपद्रवी नाही. किशोरवयातील लठ्ठपणा आणि सूर्यप्रकाशाचा अभाव यांचाही संबंध दिसतो. वयाच्या विशीपूर्वी रात्रपाळी करणाऱ्यांत धोका अधिक असल्याचे स्वीडनमधील संशोधन सांगते. दिवसभर बंद दुकानात, रात्री उशिरापर्यंत हिशेबात आणि मोबाइलमध्ये गुंतलेल्या आपल्या मुलांना ऊन, खेळ व पुरेशी झोप मिळते का, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

मात्र धोका वाढणे म्हणजे आजार ओढवून घेणे नव्हे. निर्व्यसनी, नियमित जीवन जगणाऱ्यासही तो होऊ शकतो. सोयरीक मोडेल या भीतीने लक्षणे झाकली, तर उपचाराचा मोलाचा काळ हातचा जातो. लवकर सुरू केलेली औषधे आजाराचा वेग रोखू शकतात. तेव्हा रुग्णाला दोष न देता वेळीच मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेणे, हेच कुटुंबाचे पहिले कर्तव्य होय.