मेडशेन इन उनिफॉर्म (१९३१ चित्रपट)

'मेडशेन इन उनिफॉर्म' (अर्थ : गणवेशातील मुली) हा १९३१ साली प्रदर्शित झालेला जर्मन भाषेतील कृष्णधवल बोलपट आहे. त्याचे दिग्दर्शन लिओन्टीन सागान यांनी केले. या चित्रपटातील सर्व भूमिका स्त्रियांच्या असून पडद्यावर एकही पुरुष पात्र येत नाही. स्त्रीला स्त्रीविषयी वाटणाऱ्या प्रेमाचे सहानुभूतीने चित्रण करणाऱ्या आरंभीच्या बोलपटांत त्याची गणना होते.

पार्श्वभूमी

हा चित्रपट क्रिस्टा विन्स्लो यांच्या नाटकावर आधारलेला आहे. हे नाटक १९३० साली लाइपत्सिश येथे रंगभूमीवर आले. पुढे बर्लिनमध्ये ते 'काल आणि आज' अशा अर्थाच्या नावाने सादर झाले. त्या प्रयोगाचे दिग्दर्शनही सागान यांचेच होते. विन्स्लो स्वतः पॉट्सडाम येथील निवासी शाळेत शिकल्या होत्या. पटकथालेखनातही त्यांचा सहभाग होता. चित्रपटाची निर्मिती सहकारी तत्त्वावर झाली आणि कार्ल फ्रोलिश यांनी तिच्यावर देखरेख केली.

कथानक

आईविना वाढलेली चौदा वर्षांची मानुएला (हेर्टा टीले) हिला तिची मावशी पॉट्सडाममधील लष्करी अधिकाऱ्यांच्या मुलींच्या निवासी शाळेत दाखल करते. मुख्याध्यापिका (एमिलिया उंडा) उपासमार आणि शिस्त यांनाच शिक्षण मानते. याउलट शिक्षिका फ्रॉयलाइन फोन बेर्नबुर्ग (डोरोथिया वीक) मुलींशी ममतेने वागते. मानुएला तिच्या प्रेमात पडते. शिलर यांच्या 'डॉन कार्लोस' या नाटकाच्या शालेय प्रयोगात नायकाची भूमिका गाजवल्यानंतर मद्याच्या अमलाखाली ती हे प्रेम सर्वांसमक्ष बोलून दाखवते. मुख्याध्यापिका तिला एकटे ठेवण्याची शिक्षा देते. मानुएला जिन्यावरून उडी घेण्याच्या बेतात असताना मैत्रिणी तिला वाचवतात.

स्त्रीचित्रण

पुरुष पात्रे नसली, तरी पुरुषप्रधान लष्करी व्यवस्था चित्रपटात सतत जाणवते. पट्ट्यापट्ट्यांचे गणवेश, बिगुलाचे स्वर व पॉट्सडाममधील पुतळे ही तिची चिन्हे होत. मुलींना सैनिकांच्या माता होण्यासाठी घडवायचे, हे शाळेचे ध्येय मुख्याध्यापिका, म्हणजे एक स्त्रीच, राबवते. त्यामुळे स्त्री म्हणजे सोशिक आणि पुरुष म्हणजे जुलमी, अशी सोपी विभागणी येथे होत नाही. मुली हट्टी, विनोदी, भित्र्या, बंडखोर अशा भिन्न स्वभावांच्या दाखवल्या आहेत. सामाजिक वैविध्य मात्र मर्यादित आहे. विद्यार्थिनी लष्करी व उमराव घराण्यांतीलच आहेत.

शेवटातील बदल महत्त्वाचा मानला जातो. मूळ नाटकात मानुएलाचा मृत्यू होतो. चित्रपटात तिचा जीव वाचतो, आणि तोही मुलींनी मुख्याध्यापिकेच्या आज्ञेविरुद्ध एकत्र आल्यामुळे.

प्रदर्शन आणि बंदी

२७ नोव्हेंबर १९३१ रोजी बर्लिनमध्ये चित्रपटाचा पहिला खेळ झाला. जर्मनीबाहेरही त्याला यश मिळाले. अमेरिकेत आरंभी परवानगी नाकारण्यात आली. पुढे काटछाट करून तो दाखवला गेला. नाझी राजवटीत जर्मनीत त्यावर बंदी आली. ज्यूवंशीय सागान यांनी देश सोडला व अखेरीस त्या दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झाल्या. नाझी प्रचाराला साथ देण्यास नकार देणाऱ्या टीले १९३७ साली स्वित्झर्लंडला गेल्या. विन्स्लो यांची १९४४ साली फ्रान्समध्ये हत्या झाली. फ्रोलिश मात्र १९३९ साली नाझी राजवटीच्या चित्रपट मंडळाचे अध्यक्ष झाले.

समीक्षा आणि प्रभाव

दीर्घकाळ या चित्रपटाकडे प्रशियन हुकूमशाही शिस्तीवरील टीका म्हणूनच पाहिले गेले. झीगफ्रीड क्राकाउअर यांनी १९४७ साली ही टीकाही अपुरी ठरवली. शेवटी ऐकू येणारा बिगुल जुनी व्यवस्था अभंग असल्याचे सुचवतो, असे त्यांचे मत होते. स्त्रीवादी समीक्षक बी. रूबी रिच यांनी १९८१ साली मानुएलाचे प्रेम हाच चित्रपटाचा गाभा असल्याचे मांडले. त्यांच्या मते, हुकूमशाहीला विरोध आणि स्त्रियांमधील प्रेम हे विषय येथे वेगळे काढता येत नाहीत. १९५८ साली याच कथेवर रोमी श्नायडर व लिली पाल्मर यांच्या भूमिका असलेला रंगीत चित्रपट निघाला.