थोड्या जागेंतून उड्डाण

विमान जितकें जड, तितकी त्याला धांवपट्टी लांब लागते. पण युद्धांत अशी पट्टी हवी तेथें सांपडत नाहीं. आघाडीवर दारूगोळा पोहोंचवावयाचा असतो, जखमींना लागलीच मागें न्यावयाचें असतें. आणि जवळ असतो तो केवळ ओबडधोबड माळ.

१९७२ सालीं अमेरिकेच्या हवाई दलानें बोइंग व मॅकडोनेल डग्लस या दोन कंपन्यांपुढें हाच प्रश्न ठेवला. सुमारें १२ टन ओझें घेऊन अवघ्या २,००० फूट कच्च्या पट्टीवर चढउतार करणारें जेट विमान प्रत्येकीनें बनवावयाचें होतें.

यांत अडचण कोणती? पंखाची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते; वेग निम्मा केला, कीं उचल चतुर्थांश होते. म्हणून विमान सावकाश उतरवावयाचें, तर पंखाला वाऱ्याचें बळ दुसरीकडून मिळालें पाहिजे. दोन्ही कंपन्यांनीं तें इंजिनांच्या झोतांतून घेतलें.

पंखाच्या मागील कडेला खालीं वळणाऱ्या झडपा असतात. बोइंगनें आपल्या वायसी-१४ ची दोन इंजिनें पंखाच्या वरच्या बाजूस बसविलीं. नळाच्या बारीक धारेला चमच्याची फुगीर पाठ लावून पाहा. धार सरळ न पडतां पाठीला चिकटून वळते. त्याचप्रमाणें झोत झडपांवरून खालीं वळतो आणि विमान वर उचललें जातें. वायसी-१५ या दुसऱ्या विमानाचीं चार इंजिनें पंखाखालीं होतीं. त्यांचा झोत थेट झडपांवर आदळून खालीं वळे.

परंतु उचल इंजिनावर अवलंबून, आणि ऐन उतरतांना एक इंजिन बंद पडलें तर? त्या बाजूची उचलहि घटते व विमान कलंडूं पाहतें. म्हणून बोइंगनें दोन्ही इंजिनें धडाजवळ आणलीं. दुसऱ्या कंपनीनें चार योजलीं, म्हणजे एक गेलें तरी तीन उरतात. अशा योजनेची खरी परीक्षा अखेर आकाशांतच व्हावयाची, आणि ती वैमानिकाच्या जिवावर.

वायसी-१५ प्रथम २६ ऑगस्ट १९७५ रोजीं उडालें, वायसी-१४ ९ ऑगस्ट १९७६ रोजीं. दोन्ही विमानांनीं थोड्या जागेंत चढउतार करून दाखविली. तरी १९७९ सालीं योजनाच रद्द झाली.

मग हे श्रम वायां गेले काय? नाहीं. १९९१ सालीं प्रथम उडालेल्या सी-१७ या प्रचंड मालवाहू विमानांत वायसी-१५ चीच युक्ति आहे, आणि २०१३ सालापासून तें विमान भारतीय हवाई दलांतहि आहे. रद्द झालेल्या विमानाचें उत्तर असें दुसऱ्याच्या पंखांत कामास आलें.