प्रकल्प तरतो संवादावर

मुंबईतील भाऊच्या धक्क्यावर मोटारीसह जहाजात चढायचे आणि तासाभरात अलिबाग तालुक्यातील मांडव्याला उतरायचे, ही कल्पना १५ मार्च २०२० रोजी रो-पॅक्स सेवेच्या रूपाने प्रत्यक्षात आली. रस्त्याने सुमारे ११० किलोमीटर पडणारे हे अंतर समुद्रमार्गे अवघे १८ किलोमीटर आहे. प्रवाशाला दिसते ते केवळ जहाज. प्रकल्प व्यवस्थापनाच्या दृष्टीने मात्र तो एकमेकांत गुंतलेल्या अनेक कामांचा गोफ होता.

भाऊच्या धक्क्यावरील टर्मिनल तत्कालीन मुंबई पोर्ट ट्रस्टने उभारले, तर मांडव्याचे महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाने. त्यामागे केंद्राचा सागरमाला कार्यक्रम होता. जहाज ग्रीसमध्ये बांधलेले आणि ते चालविणारी कंपनी खासगी. जलमार्गातील गाळ उपसणे हे आणखी एक स्वतंत्र काम. सेवा सुरू होण्याच्या अनेक तारखा जाहीर झाल्या आणि हुकल्या. मांडव्याजवळचा गाळ हा त्यातील एक अडसर होता.

अशा प्रकल्पात प्रत्येकाने आपापले काम चोख केले तरी ते पुरेसे नसते. जहाजाचा किती भाग पाण्याखाली राहतो, हे बांधणाऱ्याला ठाऊक असते. पण त्याची गरज गाळ उपसणाऱ्याला असते. ओहोटीच्या वेळी पाणी किती उतरते, यावर मोटारी चढविण्या-उतरविण्याचा मार्ग कोणत्या उंचीवर हवा हे ठरते. एकाकडील आकडा दुसऱ्यापर्यंत वेळेवर पोहोचला नाही, तर तयार जहाज आणि तयार धक्का यांची गाठ पडतच नाही.

अमेरिकेच्या 'नासा'ने याची जबर किंमत मोजली आहे. मंगळाकडे पाठविलेले 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये नष्ट झाले. एका गटाच्या संगणक प्रणालीतून आलेले आकडे ब्रिटिश एककांत होते आणि दुसऱ्या गटाने ते मेट्रिक समजून वापरले. माहिती दिली गेली होती, संवाद मात्र झाला नव्हता.

माहिती आणि संवाद यांतील हा भेद जहाजावर नीट जपला जातो. सुकाणू सांभाळणारा खलाशी मिळालेली आज्ञा मोठ्याने परत उच्चारतो आणि मगच ती अमलात आणतो. सांगणाऱ्याने सांगितले म्हणजे काम संपले असे नव्हे. ऐकणाऱ्याला तेच समजले, याची खात्री झाल्यावरच ते पूर्ण होते. प्रकल्पातही कोणती माहिती कोणाला, केव्हा आणि कोणत्या एककात द्यायची, हे आरंभीच लेखी ठरलेले असावे. गाळ पुन्हा साचू लागल्यासारखी अप्रिय बातमी तर सर्वांत आधी वर पोहोचायला हवी. ती सांगणाऱ्यावर दोष येणार असेल, तर पुढच्या वेळी ती दडविली जाईल आणि मुदत हुकल्यावरच उघडकीस येईल.

संवादाची जबाबदारी उद्घाटनानंतरही संपत नाही. टाळेबंदीमुळे रो-पॅक्स सेवा सुरू होताच थांबली आणि ऑगस्ट २०२० मध्ये पुन्हा सुरू झाली. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात, तेव्हा प्रवाशांची भिस्त याच जहाजावर असते. खराब हवामानामुळे एखादी फेरी रद्द झाली, तर ती वार्ता प्रवाशाला घरीच कळणे आणि धक्क्यावर पोहोचल्यावर कळणे, यांत मोठे अंतर आहे. प्रकल्पाविषयीचे जनमत बरेचसे या अंतरावरच ठरते.