अप्रतिकार आणि वर्णन्याय : अमेरिकेतील मेनोनाइट चर्चपुढील एक पेच

मेनोनाइट, क्वेकर आणि चर्च ऑफ द ब्रेदरन ह्या तीन ख्रिस्ती पंथांस ‘ऐतिहासिक शांतिवादी चर्च’ असे म्हटले जाते. ही संज्ञा कॅन्सस राज्यातील न्यूटन येथे १९३५ साली भरलेल्या परिषदेपासून रूढ झाली. ह्या तिघांत मेनोनाइटांची परंपरा सर्वांत जुनी. तिचे मूळ १५२५ साली झुरिक येथे उदयास आलेल्या पुनर्बाप्तिस्मावादी चळवळीत आहे. १५२७ च्या श्लाइटहाइम येथील घोषणेने खड्ग ही वस्तू ख्रिस्ताच्या परिपूर्णतेबाहेरची ठरविली, आणि डोंगरावरील प्रवचनाचा आधार घेऊन ‘अप्रतिकार’ हे तत्त्व पंथाच्या केंद्रस्थानी आले. सैन्यात जावयाचे नाही, कोर्टकचेरी करावयाची नाही, अन्याय सोसावा पण बळ वापरू नये, असा त्याचा आशय. मात्र अन्याय आपल्यावर न होता दुसऱ्यावर होत असेल, तर त्याच्या वतीने सोसण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? अमेरिकेतील वर्णभेदाने नेमका हाच प्रश्न ह्या पंथापुढे उभा केला.

प्रश्न नवा नव्हता. १६८८ साली पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथील चार गृहस्थांनी गुलामगिरीविरुद्ध एक निवेदन लिहिले. ते क्वेकर सभेकडे गेले असले तरी त्या वसाहतीतील अनेक कुटुंबे मूळची मेनोनाइट होती. मानवी देहाचा व्यापार ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत आहे, हे तर निवेदनात होतेच. परंतु त्यातील एक मुद्दा विशेष लक्षणीय आहे. गुलाम एकत्र होऊन स्वातंत्र्यासाठी उठले, तर तलवार न उचलण्याचे व्रत घेतलेले मालक त्यांच्याविरुद्ध तलवार उचलणार काय? शांतिवादी मनुष्याची शांती कोणाच्या तरी दंडुक्यावर उभी असू शकते, हे ह्या चार वसाहतवाल्यांनी ओळखले होते. निवेदन एका सभेकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे गेले आणि बाजूला पडले. ते पुन्हा उजेडात आले ते १८४४ मध्ये.

विसाव्या शतकात पेच अधिक बिकट झाला, कारण तो उपासनेच्या आत शिरला. मेनोनाइटांच्या विधींत परस्परांचे पादक्षालन, पवित्र चुंबन आणि प्रभुभोजनाचा सामाईक पेला ह्यांना मोठे स्थान आहे. बंधुत्व केवळ उच्चारावयाचे नव्हे, हातांनी आचरावयाचे, ही त्यामागील भावना. १९४० साली व्हर्जिनियातील मेनोनाइट परिषदेने भोवतालच्या रूढीस मान तुकवून हेच विधी गोऱ्या व कृष्णवर्णीय सभासदांसाठी वेगळे ठेवण्याचा निर्णय घेतला. ज्या पंथाच्या मिशनऱ्यांनी १८९९ साली मध्य प्रांतातील धमतरी येथे येऊन दुष्काळग्रस्तांत काम सुरू केले होते, त्या पंथाला घरच्या कृष्णवर्णीय बंधूचे पाय धुणे जड जावे, हा विरोधाभास दुर्लक्षिण्याजोगा नाही. दूरच्या परक्यावर दया करता येते. जवळच्या परक्यास समान मानावे लागते, आणि तेथेच अडते. १९५५ मध्ये ह्या परिषदेने आपली चूक मान्य केली. त्याच वर्षी पंथाच्या सर्वसाधारण परिषदेनेही वर्णद्वेष हे पाप असल्याचे सांगणारे निवेदन स्वीकारले. तोवर शिकागोमध्ये जेम्स लार्क हे कृष्णवर्णीय धर्मसेवक बिशपपदापर्यंत पोहोचले होते. त्यांची दीक्षा १९४६ ची व बिशपपद १९५४ चे.

निवेदन करणे मात्र सोपे होते, पुढचे पाऊल अवघड. गाय हर्शबर्गर ह्या पंथातील प्रमुख विचारवंताने १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अप्रतिकार आणि अहिंसक प्रतिकार ह्यांत काटेकोर भेद केला होता. त्यांच्या मते गांधीजींचा सत्याग्रह हासुद्धा दबावाचाच एक प्रकार. रक्त न सांडणारा, पण प्रतिपक्षाला नमविणारा, म्हणून सुवार्तेतील प्रेमाहून भिन्न. भारतीय वाचकास हे मत विपरीत वाटेल. तरी त्याची तार्किक शिस्त मान्य करावयास हवी, कारण बहिष्कार आणि धरणे ह्यांत सक्ती असतेच. त्या तर्काची उणीव वेगळ्याच ठिकाणी होती. प्रचलित व्यवस्थेत आधीच असलेली सक्ती त्याच्या हिशेबात पुरती धरलेली नव्हती. हर्शबर्गरांचे श्रेय असे की ते येथेच थांबले नाहीत. नागरी हक्कांच्या चळवळीकडे ते वाढत्या आस्थेने पाहू लागले, आणि त्यांच्या गोशेन महाविद्यालयात १९६० साली मार्टिन ल्यूथर किंग ह्यांचे व्याख्यान झाले.

हा तर्क आतून उलगडून दाखविला तो व्हिन्सेंट हार्डिंग ह्यांनी. शिकागोतील वुडलॉन मेनोनाइट चर्चमध्ये धर्मसेवा केलेले हे कृष्णवर्णीय इतिहासकार १९६१ साली पत्नी रोझमेरी ह्यांच्यासह अटलांटा येथे गेले. तेथे त्यांनी ‘मेनोनाइट हाउस’ उघडले. गोरे-काळे स्वयंसेवक एकाच घरात राहत होते, आणि त्या नगरात एवढी साधी गोष्टही आव्हान ठरत होती. १९६२ मध्ये जॉर्जियातील ऑल्बनी येथे नगरभवनासमोर प्रार्थना करीत असता हार्डिंग ह्यांना अटक झाली. त्यांचा सहधर्मीयांस प्रश्न असा होता की, शांत ग्रामीण वसाहतीत राहून अलिप्तता पाळणारा मनुष्य खरोखर सत्तेबाहेर असतो काय? त्याची जमीन, त्याची सुरक्षितता, त्याच्या मुलांची शाळा ही सर्व त्याच वर्णव्यवस्थेने दिलेली असतात. किंग ह्यांच्या ४ एप्रिल १९६७ च्या व्हिएतनामविषयक प्रसिद्ध भाषणाचा मसुदा मुख्यत्वे हार्डिंग ह्यांनी केला. त्याच वर्षी ॲमस्टरडॅम येथील जागतिक मेनोनाइट परिषदेत त्यांनी जगातील दरिद्री व वर्णपीडित जनतेच्या उठावाकडे पंथाचे लक्ष वेधले. पुढे ते पंथापासून दूर गेले. चर्चला हा तोटा फार मोठा होता.

ह्यानंतर वाद तत्त्वचर्चेतून कारभारात उतरला. १९६९ साली ऑरेगन राज्यातील टर्नर येथे भरलेल्या परिषदेत जॉन पॉवेल ह्यांनी अल्पसंख्याकांच्या कार्यासाठी वर्षाला ५ लाख डॉलरांची मागणी मांडली. परिषदेने निधी उभारण्यास संमती दिली. प्रत्यक्षात जमलेली रक्कम मागणीच्या मानाने फारच तोकडी होती. पण पैशाहून मोठा प्रश्न तो खर्च कोणी ठरवावयाचा हा होता. आजवर सेवा करणारे गोरे आणि सेवा घेणारे इतर, ही विभागणी आंतरसांस्कृतिक सेवेच्या नावाखाली गृहीत धरली जात होती. अल्पसंख्याक सेवा परिषदेत कृष्णवर्णीय व स्पॅनिशभाषक एकत्र येताच ती विभागणी उघडी पडली. सत्तरीच्या दशकात ही परिषद विसर्जित होऊन तिचे काम पंथाच्या सर्वसाधारण मंडळांत मिसळण्यात आले. ते समावेशन होते की विलीनीकरणाच्या नावाने आवाज मंद करणे, ह्याविषयी तिच्या सभासदांतच मतभेद राहिले.