सीटवरचा थेंब

गाडीच्या लेदर सीटवर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. अळूच्या पानावर पडल्यासारखा तो गोल होऊन बसेल. तसाच दुसरा थेंब कोऱ्या कोल्हापुरी चपलेवर टाका. बघता बघता तो जिरेल आणि मागे गडद डाग उरेल. दोन्ही कातडीच. मग एक तहानलेलं आणि दुसरं पाण्याला ओळखही न देणारं, हे कसं?

उत्तर ऐकून मी चक्रावलो होतो. लेदर सीटवर बसतो तेव्हा आपण कातड्यावर बसतच नाही! बहुतेक गाड्यांत कातड्यावर रंगद्रव्याचा थर असतो आणि त्याच्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक लेप. सगळे थर मिळून जाडी भरते जेमतेम केसाएवढी. आपली वर्षानुवर्षांची उठबस हा केसभर पडदा सोसतो. मी सीटला प्रेमाने चोळलेलं खोबरेल कुठे गेलं, त्याचाही उलगडा तेव्हाच झाला. कुठेच गेलं नव्हतं. लेपावर बसून धूळ गोळा करत होतं. कोल्हापुरीला तेल मानवतं, कारण बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं तिचं कातडं उघडं असतं. ते तेल पितं आणि मऊ होतं. (‘लेदरेट’ची गोष्ट निराळी. ते कापडावर चढवलेलं प्लास्टिक. थेंब तिथेही गोलच राहणार.)

पडद्याखाली काय आहे, ते तर आणखी अद्भुत. कातडं म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचं घनदाट जाळं. त्याचा प्रत्येक रेणू तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळून वळलेल्या तिपेडी दोरासारखा असतो. ही रचना १९५४ साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. त्यांच्या कामी आली कांगारूच्या शेपटीतली कंडरा! आपल्या त्वचेत आणि हाडांतही हाच तिपेडी दोर आहे.

कच्चं कातडं ओलं राहिलं तर कुजतं, वाळलं तर लाकडासारखं कडक होतं आणि साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात त्याचा पीळ सुटून ते आक्रसतं. आणखी उकळत ठेवलं तर सरस होतो. हे टाळायला तंतूंना एकमेकांशी बांधून टाकावं लागतं. क्रोमियमच्या क्षारांनी नीट बांधलेलं कातडं उकळत्या पाण्यातही टिकाव धरतं. मराठीत या कामाला ‘कमावणं’ म्हणतात. आपण पैसा कमावतो, शरीर कमावतो आणि कातडंही कमावतो. या तिसऱ्या अर्थाइतका नेमका शब्द मला दुसरा दिसत नाही.

एवढ्या बळकट वस्तूची वाट मग कोण लावतं? गाडी जुनी झाली की ड्रायव्हरच्या सीटचा दाराकडचा फुगवटा बघा. चढता-उतरताना दर वेळी मांडी त्याच्यावरूनच घासत जाते, शिवाय जीन्समध्ये अडकलेली धूळ असते. धुळीतले गारगोटीचे कण पोलादी चाकूच्या पात्यालाही ओरखडा काढू शकतात, तिथे या लेपाची काय कथा! म्हणजे आपण रोज बारीक पॉलिश पेपर नेसून गाडीत बसतो. फिकट सीटवर निळसर छटा चढते तीही जीन्सचीच देणगी. नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत फारशी पोचतच नाही, वरवर बसते आणि घासली की सुटते.

म्हणून सगळ्यात मोठी निगा म्हणजे धूळ काढणं. आधी मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने, मग सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने, आणि शेवटी कोरड्या कापडाने. घामाकडे आणि केसांच्या तेलाकडे लक्ष हवं, कारण ते लेपाला हळूहळू मऊ करतात. डोकं टेकतो तो भाग आधी चिकट होतो तो त्यामुळेच. सॅनिटायझर, थिनर, पेट्रोल यांना सीटच्या जवळही फिरकू देऊ नका. ऊन लेपाला ठिसूळ करतं, तेव्हा गाडी सावलीत लावावी, नाहीतर काचेला आडोसा द्यावा. पावसाळ्यात कोकणात गाडी महिनाभर बंद राहिली की सीटवर बुरशीची पांढरी लव उगवते. अधूनमधून दारं उघडून वारा खेळू द्यावा. महागडी कंडिशनरं कातड्याला ‘पोषण’ देतात, हा दावा लेप असलेल्या सीटबाबत मला पटत नाही. पृष्ठभाग थोडा गुळगुळीत ठेवून घर्षण कमी केलं, तरी त्यांनी आपलं काम केलं म्हणायचं.

आता तोच थेंब जुन्या गाडीतल्या त्या घासलेल्या फुगवट्यावर टाका. क्षणभर थांबेल, पसरेल, आणि कोल्हापुरीवर जिरला तसा आत जाईल. पडदा तिथे संपलाय. इतक्या वर्षांत तुमचा हात पहिल्यांदाच खऱ्या कातड्याला लागतोय.